कोरी पट्टी

९ जानेवारी

ओट्यावर आज चहाचं भांडं टेकवायला जागा नाही. हळद, सुंठ, अश्वगंधा, ब्राह्मी, कॅमोमाइलची वाळकी फुलं, रोझमेरीच्या काड्या आणि दोन प्रकारची तेलं. प्रत्येक बरणीला चिठ्ठी डकवली, चिठ्ठीवर तारीख घातली, आणि मग लक्षात आलं की मी गुणगुणतेय. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच.

कारागीर दुकानातून वर आले, बरण्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तपासनीसबाई, कारखाना सोडलात की बरोबर घेऊन आलात?"

मी त्यांना कारागीर म्हणते, ते मला तपासनीसबाई. लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या भांडणात ही नावं पडली. भांडण कशावरून होतं ते विसरलो, नावं राहिली. खाली त्यांचं दुकान आहे. जुन्या खुर्च्या आणि सोफे उसवायचे, आतलं भरण बदलायचं, वर नवं कापड ताणून बारीक खिळ्यांनी ठोकायचं. खिळे तोंडात धरून काम करतात आणि खिळ्यांमधूनच गिऱ्हाइकाशी बोलतात. मी रंगाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. दिवसभर दिव्याखाली रंगवलेल्या पट्ट्या धरायच्या आणि ओरखडे, फोड, धूळ शोधायची. शोधायची सवय अशी सहजासहजी जात नाही.

वर्षभर कारागिरांचे पाय पेटताहेत. रात्री पांघरूण नुसतं टेकलं तरी "काढ, काढ" म्हणतात. परवा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की रक्तातल्या साखरेने पायांच्या नसा दुखावल्या आहेत. गोळ्या दिल्या. साखर आटोक्यात ठेवा, रोज पाय बघत जा, सहा आठवड्यांनी दाखवायला या. नसा पुन्हा बऱ्या होतात का, असं विचारलं तर म्हणाल्या, "आहेत त्या सांभाळू." एवढंच? आणि पाय बघत जा म्हणजे काय? पाय काय पळून जातात?

पण खरं सांगायचं तर भीती वाटते. दिवसभर उभं राहायचं आणि शिलाई मशीनचं पायडल दाबायचं, हे यांचं काम. पाय गेले तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर हा माणूस खुर्चीत बसून दुसऱ्या खुर्च्यांकडे बघत राहील. ते मला बघवणार नाही.

म्हणून रस्त्याच्या टोकाच्या जडीबुटीच्या दुकानात गेले. तिथल्या बाईंना सगळे मुळीवाली म्हणतात. चष्मा कपाळावर, आणि माल देण्याआधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी. कुणाच्या नसा, काय होतंय, गोळ्या कुठल्या, डॉक्टरांना विचारलंत का? मी म्हटलं, "अहो, मी दुकानात आलेय की चौकीत?"

त्या हसल्या नाहीत. "अश्वगंधेनं झोप बरी लागते म्हणतात. हळद सुजेवर घेतात. तेलानं चोळलं की बरं वाटतं, ते कुणालाही वाटतं. नसा नव्यानं उगवतात असं मला कुणी दाखवलेलं नाही, म्हणून मी सांगणार नाही. पुड्या लहानच देते. आणि डॉक्टरांच्या कानावर घाला."

कुणी दाखवलेलं नाही! हे ऐकून माझ्या अंगात जे काही संचारलं, ते या ओट्यावर मांडून ठेवलंय. डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालीनच, पण हातात काहीतरी आल्यावर.

१२ जानेवारी

पद्धत ठरली. सकाळी हळद-सुंठेचा काढा, रात्री अश्वगंधा, संध्याकाळी रोझमेरीच्या तेलाने घोट्यापासून बोटांपर्यंत मालिश, मालिशीनंतर परीक्षा. गोळ्या चालूच.

परीक्षा अशी. दुकान बंद झालं की कारागीर हिरव्या मखमलीच्या खुर्चीत बसतात. ही नमुन्याची खुर्ची, गिऱ्हाइकाला बसून बघायला ठेवलेली. पाय स्टुलावर, डोळे बंद. एका उशीच्या भरणातलं लांब पांढरं पीस मी घेतलंय. कागदावर पायाची आकृती काढून जागा नेमल्या आहेत. पीस टेकवायचं, विचारायचं, "आता?" ते "हो" किंवा "नाही" म्हणतात, मी खूण करते.

परीक्षा फक्त वरच्या बाजूची. तळव्याला हात लावू देत नाहीत, भयंकर गुदगुल्या होतात. लेक लहान असताना तिने एकदा तळव्याला बोट लावलं, तर यांच्या लाथेने फुलदाणी फुटली होती. तळव्यांना तेल ते स्वतःच लावतात, तेही डोळे मिटून, कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून.

आज पहिला दिवस. घोट्याजवळ सगळीकडे "हो". बोटांकडे आलं की गडबडले. एकदा म्हणाले, "लावलंस, की नुसतं विचारलंस?" मी म्हटलं, "लावल्याशिवाय कशाला विचारीन?" बोटांवर बरेच "नाही" पडले. हरकत नाही. सुरुवातीला कमीच असायला हवं, नाहीतर सुधारणा दिसणार कशी?

१९ जानेवारी

काढा पिताना कारागिरांचं रोजचं नाटक. नाक धरतात, घोट घेतात, मग आरशात बघून विचारतात, "झालो का गोरा?" पी हळद अन् हो गोरी, हे मला ऐकवायचं असतं. मी म्हटलं, तुम्ही गोरे झालात तर गिऱ्हाइकं ओळखणार नाहीत, तेव्हा बेतानेच प्या.

परीक्षेत बोटांवर दोन नवे "हो". मी जरा जास्तच जोरात "वा!" म्हटलं. ते डोळे मिटूनच हसले. म्हणतात, "'नाही' म्हटलं की तुझा चेहरा पडतो." डोळे मिटलेले असताना यांना माझा चेहरा कुठून दिसतो?

२७ जानेवारी

मुळीवालीकडे गेले होते. तिने विचारलं, "फरक पडतोय हे कळतं कसं तुम्हाला?" तिला वाटलं असेल, मी आपली "बरं वाटतंय" यावर खूश होणारी बाई. मग मी तिला आमच्या तपासणी खात्याची गोष्ट सांगितली.

आमच्या साहेबांची एक खोड होती. तपासायच्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यात ते गुपचूप एक निर्दोष पट्टी सरकवायचे. तिला आम्ही कोरी पट्टी म्हणायचो. दिवसभर दोष शोधणाऱ्या माणसाला दोष दिसायलाच लागतात. नसलेला ओरखडासुद्धा दिसतो. कोरी पट्टी हातात घेऊन ज्याने दोष लिहिला, त्याचं त्या दिवसाचं सगळं काम रद्द, पुन्हा पहिल्यापासून. कितीतरी हुशार माणसं त्यात सापडली. मी एकदाही सापडले नाही, हे तिला दोनदा सांगितलं.

मुळीवालीने चष्मा डोळ्यांवर आणला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "चांगली युक्ती आहे," म्हणाली. कौतुक कुणाला नको असतं? येताना ब्राह्मीची मोठी पुडी घेऊन आले.

२ फेब्रुवारी

नवा प्रयोग, लाल मिरचीचा लेप. मिरचीने आग मरते असं वाचलं. पुढच्या अर्ध्या पायाला पातळसा लावला. कारागिरांनी हूं की चूं केलं नाही, उलट उद्याच्या सोफ्याच्या कापडाबद्दल बोलत बसले. माझीच बोटं मात्र दिवसभर भणभणली. तीनदा साबणाने धुतली आणि त्याच हाताने डोळा चोळला. मग जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. कारागीर ओला रुमाल घेऊन माझ्यामागे घरभर फिरत होते आणि मध्येच हसत होते.

यांची कातडी जाड. खिळे-हातोडीत गेलेला जन्म. लेप बंद, माझ्यासाठी.

८ फेब्रुवारी

आग थांबली.

पुन्हा लिहिते, आग थांबली. चार रात्री झाल्या. मला वाटलं, सांगितलं तर दृष्ट लागेल, म्हणून लिहिलं नव्हतं. काल कारागीर पायावर दोन पांघरुणं घेऊन झोपले. सकाळी उठून मी बघितलं तर पाय झाकलेलेच. वर्षभरात असं झालं नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसून रडले आणि ते घाबरून विचारत राहिले, "काय झालं? कुणाचा फोन आला?"

"तुमचे पाय झाकलेले आहेत," म्हटलं.

"मग त्यात रडायचं काय? उघडे टाकू का?"

कशाने थांबली, हा आता खरा प्रश्न. अश्वगंधा? तेल? काढा? की तिन्ही मिळून? एकेक बंद करून बघायला हवं, पण हात धजत नाही. चाललेलं मशीन कुणी उघडतं का?

१४ फेब्रुवारी

परीक्षेत सगळीकडे "हो". एकही चूक नाही. करंगळीच्या टोकालासुद्धा.

कामातही जोर आलाय. आज मशीनचं पायडल असं दाबलं की शिवण सुसाट गेली आणि खुर्चीच्या पाठीचं कापड पार पुढे जाऊन गोळा झालं. उसवून पुन्हा शिवलं. "पायात ताकद आलीय, माझ्या काबूत नाही," असं म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले. मी मनात म्हटलं, म्हातारपणी घोडा उधळला. तक्त्यात 'शक्ती' असा नवा रकाना काढला.

१८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिला सगळं सांगितलं. ती दूर राहते आणि लांबून काळजी करण्यात तरबेज आहे.

"आई, बाबांचे पाय बघतेस ना?"

"रोज परीक्षा घेते."

"परीक्षा नाही गं, बघतेस का?"

"अगं, आग गेली, स्पर्श आला, आता बघायचं काय राहिलं?"

"डॉक्टरांकडे कधी जायचंय?"

इथे मी जरा अडखळले. भेट या आठवड्यात होती, मी दोन आठवडे पुढे ढकलली आहे. तक्ता पूर्ण भरला की डॉक्टरीणबाईंसमोर ठेवायचा. "आहेत त्या सांभाळू" म्हणणाऱ्यांचा चेहरा मला बघायचाय. लेकीला म्हटलं, जाऊ, घाई काय. तिने खोल श्वास घेतला. हा श्वास तिने माझ्याकडूनच उचललाय.

२३ फेब्रुवारी

कारागीर विसरभोळे व्हायला लागलेत. दुकानातून वर आले ते एकाच पायात सपात. दुसरी जिन्यात पडलेली. "पायातून निघाली ते कळलं नाही?" तर म्हणे, डोक्यात त्या बैठकीच्या कोपऱ्याचा हिशोब चालला होता. पाय शेकायच्या टबात आज मी हात घातला आणि ओरडलेच, इतकं कढत पाणी. हे आपले पाय बुडवून आरामात बसलेले. "मस्त ऊब आहे," म्हणाले.

ब्राह्मी डोक्यासाठी असते म्हणतात. यांच्या डोक्याला लागू पडलेली दिसत नाही. मात्रा वाढवून बघू.

२ मार्च

गंमत झाली. मालिशीला बसताना यांचा पाय स्टुलावरून घसरला, आणि मी तो खालून, तळव्यालाच, हाताने झेलला. क्षणभर दोन्ही डोळे मिटून घेतले, आता लाथ बसणार म्हणून. काही नाही! कारागीर शांतपणे खिडकीबाहेर बघत होते. जन्मभराच्या गुदगुल्या गेल्या. तेलाने हेही बरं केलं! पायात अजून कायम असतात तसे जाड मोजे होते, पण पूर्वी मोज्यावरूनही चालायचं नाही.

परवा डॉक्टरीणबाई. तक्ता पक्का करून ठेवला, रंगीत शाईने.

३ मार्च

नीट लिहायला हवं.

संध्याकाळी शेवटची परीक्षा घेत होते. कारागीर हिरव्या खुर्चीत, डोळे बंद. अंगठा झाला, शेजारचं बोट झालं. तेवढ्यात दाराच्या फटीतून वारा आला आणि पीस माझ्या हातातून उडालं. मी उचलायला वाकले. वाकता वाकता तोंडातून सवयीने निघालं, "आता?"

"हो," कारागीर म्हणाले.

पीस जमिनीवर होतं. माझी बोटं पिसापर्यंत पोचलीसुद्धा नव्हती.

मी तशीच बसले. वाटलं, वारा लागला असेल. मग हात मांडीवर ठेवून पुन्हा विचारलं, "आता?" "हो." "आता?" "हो, करंगळी." ते प्रसन्न होते. रोजच्यासारखे.

मग मी पीस घेतलं आणि एक शब्द न बोलता सगळ्या बोटांवरून फिरवलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ते डोळे मिटून वाट बघत राहिले. शेवटी म्हणाले, "झाली का परीक्षा? गप्प का झालीस?"

मी परीक्षेआधी काढून ठेवलेला मोजा उचलला. तळव्याकडचा भाग ओला होता. मला वाटलं तेल असेल. पाय उचलून खालून बघितलं. करंगळीच्या खाली काळपट-लाल चिघळलेलं भोक, भोवती सूज. त्यांचा बूट उचलून आत हात घातला तर बोटाला टोचलं. सोफ्याचा बारीक खिळा, तळातून सरळ वर आलेला. किती दिवस त्यावर चालत होते कोण जाणे.

ते वाकून बघत राहिले. दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसे. मग म्हणाले, "अरे, हा तर कोपऱ्याचा खिळा. मी शोधत होतो."

४ मार्च, दवाखान्यात

ठेवून घेतलंय. जंतुसंसर्ग आहे, सुईवाटे औषध चालू आहे. आत हाडापर्यंत गेलंय का ते बघायचंय. गेलं असेल तर बोट काढावं लागेल, कदाचित थोडं जास्त. "थोडं जास्त" म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला एका प्रश्नाचं उत्तर नको होतं.

डॉक्टरीणबाईंनी माझा तक्ता शेवटपर्यंत वाचला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आग होते तेव्हा नस ओरडत असते. ओरडणं थांबलं तर ती बरी झालेली असू शकते, किंवा ओरडायला उरलेली नसते. म्हणून म्हटलं होतं, पाय बघत जा." आणि काय काय देत होते ते सगळं विचारून घेतलं. काही मुळ्या गोळीच्या जोडीने साखर फार खाली आणतात, हे मला माहीत नव्हतं. मुळीवालीने त्यांच्या कानावर घालायला सांगितलं होतं, हेही मी त्यांना सांगितलं. ते सांगणं जड गेलं.

मग त्यांनी स्वतः परीक्षा घेतली. हातात प्लास्टिकचा ताठ दोरा. कारागिरांना म्हणाल्या, "मी काही विचारणार नाही. जाणवलं की तुम्हीच सांगा." आणि गप्प झाल्या. कधी टेकवत होत्या, कधी नुसतंच थांबत होत्या. खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. कारागीर डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, अगदी मन लावून वाट बघत होते. दोरा बोटांवरून गेला, चवड्यावरून गेला. घोट्याच्या जरा खाली आला तेव्हा ते म्हणाले, "आता."

कोरी पट्टी. प्रत्येक गठ्ठ्यात एक कोरी पट्टी घालायची, हे मी जगाला सांगत फिरले आणि घरात विसरले. कारखान्यात कोरी पट्टी अनोळखी माणसांसाठी होती. घरी कुणाला पकडायचं होतं?

७ मार्च

मी त्यांच्यावर चिडलेय. आजारी माणसावर चिडू नये हे कळतं, तरी चिडलेय.

आज विचारलंच. "कळत नव्हतं तर 'हो' का म्हणालात?"

"कळत होतं."

"पीस जमिनीवर होतं!"

"असेल. मला कळलं."

"कारागीर, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोललात, एवढं कबूल करा. पाय जायची वेळ आलीय."

ते छताकडे बघत म्हणाले, "सुरुवातीला तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल एखाद-दोनदा. आठवत नाही. पण नंतर नाही. तू जवळ आलीस की त्या तेलाचा वास यायचा. मग तू 'आता' म्हणायचीस. आणि मला तिथं कळायचं. खोटं नाही सांगत."

कसं शक्य आहे? पायाला जे कळतच नाही, ते कळलं कसं? इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नव्हता. बोलला तो नेमका तेव्हा, जेव्हा मी खरं काय ते शोधत होते. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. रागही येत होता आणि आत जाऊन त्यांचा हात धरावा असंही वाटत होतं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

१३ मार्च

हाडाला लागलेलं नाही. पाय राहिला, बोटांसकट.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि मी फक्त त्यांच्या ओठांकडे बघत होते. जखम भरायला वेळ लागेल, तोवर त्या पायावर भार नाही. गेलेला स्पर्श येईल अशी आशा धरू नका. राहिलेला सांभाळा. यावेळी ते "सांभाळा" मला कमी वाटलं नाही.

१७ मार्च

घरी आणलं. ओट्यावरच्या बरण्या तशाच होत्या. अश्वगंधा, ब्राह्मी, सुंठ डॉक्टरीणबाईंनी बंद करायला लावलंय, साखर स्थिर होईपर्यंत. मालिशीला हरकत नाही, चांगल्या पायाला. "त्या निमित्ताने पाय बघितला जाईल," म्हणाल्या. मुळीवालीकडे उरलेल्या पुड्या परत द्यायला गेले. तिने सगळं ऐकून घेतलं, परत घेतल्या नाहीत, "वास उडेपर्यंत असू देत," म्हणाली. जाताना तिने विचारलं, "ती कोऱ्या पट्टीची युक्ती, त्यात सापडणारी माणसं लबाड असायची का?"

मी म्हटलं, नाही. लबाड एकही नव्हता. प्रत्येक जण शपथेवर सांगायचा की ओरखडा दिसला.

हे मी बोलले आणि घरी आले. त्याचा अर्थ लिहिलेलं वाचताना आत्ता लागतोय.

२१ मार्च

हात-आरसा आणलाय. दुपारी जेवणानंतर पाय बघायचे, तळवे, बोटांच्या मधल्या बेचक्या, टाचा. बुटात हात घालून तळ चाचपायचा. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण तळव्याला लागतो. कारागीर म्हणतात, लग्नात इतकं निरखून बघितलं नव्हतंस.

अजून आमच्यात ते एक राहिलंय. बोलतो, हसतो, पण ते मध्ये असतं. मी "बरं वाटतंय का?" विचारलं की ते उत्तर देण्याआधी थांबतात. आणि उत्तर आलं की मी थांबते.

२५ मार्च

आज कारागिरांनी मला हिरव्या खुर्चीत बसवलं. स्वतः समोरच्या उसवलेल्या सोफ्यावर, दुखरा पाय उशीवर उंच ठेवून. दोघांचा चहा बाजूला.

"हात पुढे कर. डोळे मीट."

"कशाला?"

"तुझे हात चांगले आहेत ना? नसा शाबूत? मग भितेस कशाला?"

मी हात खुर्चीच्या हातावर ठेवला, बोटं पसरून. डोळे मिटले. पिसाचा स्पर्श अंगठ्याला झाला. "आता?" "हो." मग मधल्या बोटाला. "आता?" "हो." मनात म्हटलं, यात काय ते! मग जरा वेळ गेला. सोफ्याची स्प्रिंग करकरली, म्हणजे ते पुढे झुकले. त्यांच्या कापडाचा आणि खडूचा वास जवळ आला.

"आता?"

करंगळीच्या टोकाला हलकंसं, अगदी टोकाला.

"हो," मी म्हटलं. "करंगळी."

"नक्की?"

"नक्की. शंभर टक्के."

काही ऐकू आलं नाही, म्हणून डोळे उघडले. कारागीर सोफ्याला टेकून बसले होते. चहाचा कप दोन्ही हातांत धरलेला. पीस त्यांच्या कानामागे होतं, खडूची पेन्सिल खोचतात तिथे. ते हसत नव्हते. मी काय म्हणते याची वाट बघत होते.

 मी माझ्या करंगळीकडे बघत होते. तिच्या टोकाला अजून हुळहुळत होतं.